५० खाटांच्या हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम भरली: आधी स्कॅनिंग की आधी सॉफ्टवेअर?

गोदाकाठ (धागाकर्ता)
नाशिकमधलं ५० खाटांचं हॉस्पिटल. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, हाडांचा विभाग आणि छोटा आयसीयू. तळघरातली रेकॉर्ड रूम गच्च भरलीये, दहा वर्षांच्या आयपीडी (भरती पेशंटच्या) फायली आहेत. ओपीडीचा कागद पेशंट घरी नेतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, लॅबचं वेगळं, मेडिकलचं तिसरंच. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

डॉक्टर मंडळींचं म्हणणं: सगळं स्कॅन करा, कागद रद्दीत घाला, पेपरलेस व्हा. एक स्कॅनिंगवाला पानामागे दर सांगून गेलाय, दुसरा पूर्ण एचआयएमएस (अख्ख्या हॉस्पिटलचं एकत्र सॉफ्टवेअर) विकायला बसलाय. पैसे एकाच कामाचे आहेत. मला वाटतं आधी स्कॅनिंग करावं, निदान जागा तरी मोकळी होईल. जाणकारांनी सांगावं.

एमआरडी_ताई
स्कॅनिंगवाल्याला थोडं थांबवा आणि कागदावर हिशेब मांडा. ५० खाटा, ७० टक्के भरलेल्या, सरासरी मुक्काम ४ दिवस धरला तर वर्षाला साधारण ३,२०० डिस्चार्ज होतात. फायलीला ६० कागद धरले तर वर्षाचे १ लाख ९२ हजार कागद. दहा वर्षांचे १९ लाख. त्यात नर्सिंग चार्ट पाठपोट लिहिलेले, म्हणजे पानं आणखी जास्त.

स्कॅनर मिनिटाला ४० पानं ओढतो हे खरं, पण वेळ तिथे जात नाही. पिना काढणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, एक्स-रेचे रिपोर्ट आणि चिकटवलेल्या लॅबच्या चिठ्ठ्या सोडवणं, ईसीजीच्या पट्ट्या वेगळ्या करणं यात जातो. एक माणूस तयारीला आणि एक मशिनवर धरला तर दिवसाला पाच-सहा हजार कागद झाले तरी खूप. त्यानंतर इंडेक्सिंग, म्हणजे स्कॅन शोधता यावं म्हणून नाव-खूण लावणं, आहेच. फायलीचं नाव फक्त आयपीडी नंबर ठेवलं तर तीन वर्षांनी कुणी 'ऑपरेशनची नोट द्या' म्हटल्यावर ६० पानं चाळत बसावं लागतं. संमतिपत्र, ऑपरेशन नोट, भूल नोट, डिस्चार्ज समरी, तपासण्या, नर्सिंग एवढे सहा भाग तरी वेगळे पाडून घ्या. दर विचारताना इंडेक्सिंगसकट विचारा.

आणि मुळात त्या दहा वर्षांतल्या निम्म्याहून जास्त फायली ठेवायचीच गरज नसेल.

वकीलबुवा
ताईंच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्या तारखेपासून ३ वर्षं ठेवायचे. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितले तर पोच द्यायची आणि ७२ तासांत प्रती द्यायच्या. 'बिल बाकी आहे' हा अपवाद त्या नियमात नाही. काउंटरवरच्या लोकांना हे लेखी सांगून ठेवा, भांडणं तिथेच सुरू होतात.

पण सरसकट ३ वर्षं धरू नका. पीसीपीएनडीटीचे (गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याचे) फॉर्म 'एफ' आणि रजिस्टर किमान २ वर्षं, आणि केस सुरू असेल तर निकाल लागेपर्यंत. गर्भपाताचं ॲडमिशन रजिस्टर ज्या वर्षाचं असेल ते कॅलेंडर वर्ष संपल्यापासून ५ वर्षं. ते गोपनीय असतं, बाकीच्या रॅकमध्ये ठेवायचं नाही, कुलपात ठेवायचं. एमएलसीची (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसची) फाइल प्रकरण पूर्ण निकाली निघेपर्यंत हलवू नका. प्रसूती आणि नवजात बाळांच्या फायली मी तरी २१ वर्षं ठेवायला सांगतो: मुदतीच्या कायद्यात अज्ञानाला सज्ञान झाल्यावर मुदत मिळते, म्हणजे १८ अधिक ३.

जे नष्ट कराल त्याची यादी, तारीख, समितीच्या सह्या ठेवा आणि कागद समोर उभं राहून श्रेडरमध्ये घाला. रद्दीवाल्याला विकलेला केसपेपर उद्या भेळेच्या पुडीवर दिसला तर बचावाला जागा नाही.

पंचवटीकर
पेपरलेस हॉस्पिटल ओळखायचं कसं? प्रत्येक गोष्टीची प्रिंट दोनदा निघते ते.

सर्व्हररूम
+१ हाहा.

माझं मत ताईंपेक्षा थोडं वेगळं. जुन्या फायलींचा प्रश्न दुय्यम आहे, नंबरचा प्रश्न आधी. एका पेशंटला एक कायमचा हॉस्पिटल नंबर (यूएचआयडी) आणि प्रत्येक भरतीला वेगळा आयपीडी नंबर, हे बसल्याशिवाय स्कॅनही वाया आणि एचआयएमएसही वाया. बिलिंगच्या डेटाबेसमधून एक यादी काढा: मोबाइल नंबर सारखा, नावाची पहिली तीन अक्षरं सारखी, जन्मवर्षात दोनचा फरक. किती जोड्या निघतात बघा, डोळे पांढरे होतील.

कारणं नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत असलेलीच. 'चौधरी' रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. 'लक्ष्मी' एकदा आणि 'लक्ष्मीबाई' एकदा. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून पत्ता आणि मोबाइल भावाचा, मधलं नाव वडिलांचं. दुसऱ्या वेळी सासरहून आली की सगळंच बदललेलं. सुरगाणा-पेठकडच्या पेशंटमध्ये एकाच गावातले पाच भोये, पाच गावित, आणि अख्ख्या वस्तीत मिळून एक मोबाइल. जन्मतारीख विचारली की १ जून. शाळेत गुरुजींनी लावलेली एक जून इतक्या जणांची आहे की जुळणीत ती तारीख धरूच नका.

बिलिंग_काउंटर
आधार नंबर घेतला की विषय संपला ना?

सर्व्हररूम
संपत नाही. रात्री दोन वाजता विषबाधेचा पेशंट येतो तेव्हा आधार घरी असतो. आधार नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत, आणि आधारचे आकडे आपल्या डेटाबेसमध्ये उघडे साठवणं ही वेगळीच जोखीम.

आभा नंबर (केंद्राच्या डिजिटल आरोग्य योजनेतला पेशंटचा नंबर) जरूर घ्या, १४ आकडी असतो, पण तो ऐच्छिक आहे. त्यासाठी एक रकाना ठेवा. आपला यूएचआयडी आपल्याच सिस्टिमने दिलेला असावा, आणि त्यात वर्ष, विभाग, लिंग असलं काही कोंबू नका, साधा चढता नंबर द्या. शेवटी एक तपासणी आकडा असला तर टायपिंगची चूक तिथेच पकडली जाते.

दुहेरी नोंदी जोडायचा अधिकार एकाच माणसाला, आणि जोडलेलं परत तोडता आलं पाहिजे. व्हेंडरला डेमोत हेच करून दाखवायला सांगा: दोन पेशंट जोडा, मग सोडवा. बरीच सॉफ्टवेअर जोडतात, सोडवत नाहीत. चुकून दोन वेगळ्या माणसांचे रक्तगट एका नावाखाली आले की काय होईल ते सांगायला नको.

द्राक्षबाग
आभा घेतला की आपली सगळी माहिती सरकारकडे जाते, असं पेशंट म्हणतात. काउंटरवर काय सांगायचं?

एमआरडी_ताई
खरं तेच सांगायचं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना अशी आहे की रेकॉर्ड हॉस्पिटलच्याच सर्व्हरवर राहतं. दुसऱ्या डॉक्टरने मागितलं तर पेशंटच्या मोबाइलवर संमतीची विनंती येते, त्याने हो म्हटलं तरच तेवढा कागद जातो. क्यूआर स्कॅन करून ओपीडीत नाव लावणं ही यातली सगळ्यात सोपी पायरी, काउंटरची रांग त्यानेच कमी होते. त्याचा दुसरा फायदा असा की नाव पेशंटच्या आभामधून येतं, आपला माणूस स्पेलिंगशी खेळत नाही.

लॅबवाला_सिडको
एचआयएमएसवाला 'सगळ्या मशिन जोडून देतो' म्हणेल. कोटेशनमध्ये मशिनचं मॉडेल आणि जोडणी एकमार्गी की दुमार्गी हे लिहून घ्या. एकमार्गीत मशिन फक्त निकाल पाठवतं, नमुना नंबर टेक्निशियनने हातानेच टाकायचा. दुमार्गीत मशिन ट्यूबवरचा बारकोड वाचतं आणि कुठल्या टेस्ट करायच्या ते सिस्टिमला विचारतं. हातानं नंबर टाकायची पद्धत राहिली तर जोडणीचा निम्मा फायदा गेला.

जुन्या मशिनला सिरियल पोर्ट असतो. नव्या कॉम्प्युटरला तो नसतो म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावतात. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला किंवा वायर दुसऱ्या खाचेत गेली की पोर्टचा नंबर बदलतो आणि निकाल यायचे थांबतात. मशिनला काहीही झालेलं नसतं. पोर्ट नंबर पक्का करून घ्या आणि वायरला लेबल लावा.

यापेक्षा घातक गोष्ट म्हणजे एकक. प्लेटलेट एक मशिन ८५ पाठवतं (हजारात), दुसरं ०.८५ (लाखात), तिसरं ८५०००. जोडणी करताना गुणक चुकला तर पावसाळ्यात डेंग्यूच्या वॉर्डात गोंधळ ठरलेला. चालू करायच्या आधी प्रत्येक टेस्टचे कमी, नॉर्मल आणि जास्त असे तीन निकाल मशिनच्या प्रिंटशी ताडून पाहा आणि त्यावर पॅथॉलॉजिस्टची सही घ्या.

आणि बारकोड ट्यूबवर उभा चिकटवा, शिडीसारख्या रेघा दिसल्या पाहिजेत. गोल गुंडाळला तर मशिन वाचत नाही.

सिस्टर_इनचार्ज
बारकोडचं निघालंच आहे तर मनगटपट्टीचंही लिहिते. डायरेक्ट थर्मलवर छापलेली पट्टी सॅनिटायझरने दोन दिवसांत पुसट होते. रिबनवाला प्रिंटर घ्या. पट्टीवर लांब रेघांचा बारकोड नको, मनगटाच्या गोलाईवर तो वाचला जात नाही, लहान बाळाच्या तर नाहीच. क्यूआरसारखा चौकोनी कोड घ्या.

बाळाला जन्मतःच स्वतःचा यूएचआयडी द्या आणि आईच्या नंबरशी जोडा. आईच्याच फायलीत बाळाचे कागद ठेवायची जुनी सवय असते. मग बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) गेलं की औषधं कुणाच्या नावावर लावायची यावरून घोळ सुरू. जुळ्यांना 'बाळ १', 'बाळ २' आणि जन्मवेळ मिनिटासकट.

बायोमेडिकल
सिस्टर, सीटीजी (पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आलेख) आणि ईसीजीच्या पट्ट्यांचं काय करता? कोर्टात सगळ्यात आधी तीच मागतात आणि तीच कोरी झालेली असते.

सिस्टर_इनचार्ज
थर्मल कागद आहे, विटणारच. प्लास्टिकच्या पाकिटात घातला तर आणखी लवकर. त्याच दिवशी झेरॉक्स काढून, त्यावर नाव, यूएचआयडी, तारीख-वेळ लिहून, मूळ पट्टीसोबत कागदी पाकिटात ठेवायची. सीटीजीची पट्टी लांब असते, घडीनुसार तुकड्यांत झेरॉक्स करा आणि तुकड्यांना नंबर द्या. आज जे स्कॅनिंग सुरू करायचं ते याच कागदांपासून करा असं माझं मत.

सातपूरकर
इतकं सगळं वाचून आता प्रत्येकाने झेरॉक्सचं दुकान टाकावं असं वाटायला लागलंय.

वकीलबुवा
स्कॅन केलं म्हणजे मूळ कागद फेकता येतो हा समज काढून टाका. मुदतीच्या आतला मूळ कागद ठेवा, विशेषतः संमतिपत्रं. सही खोटी आहे असा आरोप झाला तर हस्ताक्षरतज्ज्ञाला मूळच लागतं. डिजिटल प्रत कोर्टात द्यायची तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक सिस्टिम सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फायलीची हॅश किंमत (फाइल जराही बदलली की बदलणारी आकड्या-अक्षरांची खूण) लिहावी लागते. स्कॅनिंगवाल्याने हॅश काढून यादी दिली पाहिजे, ही अट कामाच्या करारातच घाला.

करारावरून आठवलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात व्हेंडरच्या हातून माहिती फुटली तरी जबाबदारी हॉस्पिटलचीच राहते. स्कॅनिंगचं काम तुमच्या जागेत, तुमच्या कॉम्प्युटरवर करून घ्या. फायली टेम्पोत घालून अंबडच्या गाळ्यात नेऊ देऊ नका.

सर्व्हररूम
आता सॉफ्टवेअर घेतल्यावर जिथे घसरतं ते. वॉर्डात एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. मग नोंद कुणी केली, कधी बदलली याला अर्थ राहत नाही. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, आणि केलेली नोंद खोडता येऊ नये. दुरुस्ती करायची तर खाली नव्या वेळेसह पुरवणी नोंद, जुनी तशीच दिसली पाहिजे. डिस्चार्ज समरीच्या टेम्प्लेटमध्ये 'सर्व नॉर्मल' आधीच भरून ठेवू नका. पाय कापलेल्या पेशंटच्या समरीत 'दोन्ही पायांच्या नाड्या नीट लागतात' असं छापून येतं ते यामुळेच.

बॅकअपबाबत: सर्व्हरमधल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर, आणि त्यातली एक नेटवर्कपासून तोडलेली. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर पूर्ण डेटाबेस उभा करून बघायचा, त्याशिवाय बॅकअप आहे असं समजू नका. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२मध्ये हल्ला झाला, पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा अडकला. नेटवर्कचे नीट कप्पे पाडलेले नव्हते हे कारण सरकारनेच संसदेत सांगितलं. तुमच्याकडे सीसीटीव्ही, पेशंटचं वायफाय, सोनोग्राफी आणि बिलिंग एकाच स्विचवर असणार, पैज लावतो. असं काही झालंच तर सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) ६ तासांत कळवावं लागतं, एप्रिल २०२२च्या आदेशानुसार.

गोदाकाठ
पैज जिंकलात.

लाइट गेली किंवा सर्व्हर पडला तर काम कसं चालवायचं?

एमआरडी_ताई
डाउनटाइमचा डबा. प्रत्येक वॉर्डात, आयसीयूत आणि कॅज्युअल्टीत एकेक. आत कोरे फॉर्म आणि आधीच छापलेल्या यूएचआयडीचे स्टिकर. ही नंबरमालिका वेगळी राखून ठेवायची, म्हणजे सिस्टिम परत आली की तेच नंबर चढवता येतात, नवे द्यावे लागत नाहीत. नाहीतर त्या दोन तासांतल्या प्रत्येक पेशंटची दुहेरी नोंद तयार होते. चढवून झाल्यावर वॉर्डाच्या रजिस्टरशी डोकी मोजून ताळा घ्या.

हीच युक्ती २०२७च्या सिंहस्थात लागेल. बाहेरगावचा, बेशुद्ध, सोबत कुणी नाही, असा पेशंट कॅज्युअल्टीत आला की 'अज्ञात पुरुष' असं नाव पडतं. एका रात्रीत असे चार आले तर लॅबच्या यादीत चार अज्ञात पुरुष एकाखाली एक. रक्त मागवताना हे जीवघेणं ठरू शकतं. तात्पुरत्या नावांची यादी आधीच करून ठेवा, एकमेकांसारखी न वाटणारी: 'अज्ञात गोदावरी', 'अज्ञात तापी', 'अज्ञात भीमा'. ओळख पटली की नाव बदला, यूएचआयडी तोच ठेवा.

पंचवटीकर
नाशिकात 'अज्ञात गोदावरी' म्हटलं तर पोलीस वेगळाच पंचनामा करतील.

द्राक्षबाग
ताई, फवारणीच्या विषबाधेचा कोडिंगचा मुद्दा राहिला. निफाड-दिंडोरीकडचे खूप पेशंट असतात.

एमआरडी_ताई
बरं झालं आठवण केलीत. आयसीडी-१० (आजारांच्या कोडची जागतिक यादी) मध्ये ऑर्गॅनोफॉस्फरस (ओपी, कीटकनाशकांतलं रसायन) विषबाधेचा कोड टी६०.०. त्यावर थांबू नका, सोबत बाह्य कारणाचा कोड हवा: अपघाताने असेल तर एक्स४८, स्वतःहून जाणूनबुजून घेतलं असेल तर एक्स६८. डॉक्टरने फायलीत 'ओपी पॉयझनिंग' एवढंच लिहिलं असेल तर एमआरडीने (रेकॉर्ड विभागाने) अंदाजाने कोड टाकू नये, विचारून घ्यावं. एमएलसी आणि विम्याचा दावा, दोन्ही या एका ओळीवर अडतात.

मृत्यूच्या फॉर्म ४ चंही तेच. 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' हे कारण नाही, मरताना सगळ्यांचंच हृदय थांबतं. 'ए' ओळीत तात्काळ कारण, 'बी' आणि 'सी' मध्ये त्यामागची साखळी, आणि मूळ आजार सगळ्यात खालच्या ओळीत.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. माझा मूळ क्रम उलटा करतोय: आधी मुदत संपलेल्या फायली वेगळ्या काढून नष्ट करणं, मग नोंदणी आणि दुहेरी नंबर, मग एचआयएमएस. आजपासूनच्या डिस्चार्जचं स्कॅनिंग रोजच्या रोज, जुन्यांत फक्त एमएलसी आणि प्रसूती. आता दोन प्रश्न. राहिलेल्या फायली टर्मिनल डिजिटने लावाव्यात असं एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जा-मान्यतेच्या) सल्लागाराने सांगितलंय. आणि तळघरातून वरती पहिल्या मजल्यावर न्याव्यात का?

एमआरडी_ताई
टर्मिनल डिजिट म्हणजे ०४-१७-८२ हा नंबर असेल तर ८२च्या कप्प्यात, त्यात १७, त्यात ०४. शंभर कप्प्यांत फायली सारख्या पसरतात, चुकीच्या जागी जायचं प्रमाण घटतं. पण ते रोज शेकडो ओपीडी फायली काढणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलसाठी. तुमच्याकडे वर्षाला ३,२०० आयपीडी फायली आहेत. वर्षवार, आयपीडी नंबरच्या सरळ क्रमाने लावा. ३ वर्षांनी अख्खं वर्ष एका झटक्यात बाहेर काढता येतं. टर्मिनल डिजिटमध्ये तेच करायला शंभर कप्पे चाळावे लागतात. एमएलसीला लाल पट्टी, प्रसूतीला निळी, म्हणजे काढताना चुकून जात नाहीत. फाइल बाहेर गेली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड: कुणी नेली, कधी, कशासाठी.

सर्व्हररूम
इथे मी असहमत. पुढे ओपीडीच्या फायली ठेवायला लागलात तर सगळं परत लावावं लागेल.

एमआरडी_ताई
ओपीडी थेट सिस्टिममध्येच जाणार असेल तर तिच्या कागदी फायली आता कशाला सुरू करायच्या?

सातपूरकर
मी सिव्हिलवाला, इतका वेळ गप्प होतो. तळघर सोडाच. ऑगस्ट २०१९सारखा पाऊस झाला की नदी लांब असली तरी गटार तुंबून पाणी आत येतं. पण वर नेताना वजन बघा. ताईंच्या आकड्याने एक फाइल ३५० ग्रॅम, जाडी ९ मिलिमीटर धरली तर ३ वर्षांच्या ९,६०० फायली म्हणजे सुमारे ८६ मीटर लांबीची रांग आणि ३.४ टन. ९० सेंटिमीटर रुंद, सहा खणांच्या एका रॅकमध्ये ५.४ मीटर मावतं, म्हणजे १६ रॅक, प्रत्येकी २१० किलो आणि वर लोखंडाचं वजन. रॅकखालच्या जागेवर चौरस मीटरला ५००-६०० किलो येतात. वॉर्डची स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशेबाने केलेली असते, फायलींच्या खोलीला त्याच्या अडीचपट धरतात.

म्हणून रॅक खोलीच्या मध्ये पाठीला पाठ लावून उभे करू नका. भिंतीलगत, तुळईवर येतील असे लावा, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवा. खालचा खण जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर, वरून एसीचा पाइप जात नाही ना ते पाहा. सरकते कॉम्पॅक्टर (रुळांवरचे रॅक) घ्यायचा विचार असेल तर तळमजलाच, त्यात दाटी दुप्पट होते. तळमजल्यावर जागा नसेल तर ड्रॉइंगमधले तुळयांचे माप इथे टाका, बघतो.